झेनोडो: डेटा ठेवायला भरवशाची जागा, पण समजावून सांगायचं काम तुमचंच

शोधनिबंधामागचा डेटा खुला करायचा आहे आणि संस्थेचं स्वतःचं भांडार नाही, अशांसाठी झेनोडो हे ऑनलाइन भांडार सोपा आणि चांगला पर्याय आहे. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेने ओपनएअर या खुल्या संशोधनाच्या युरोपीय प्रकल्पासोबत २०१३ साली ही सेवा सुरू केली. पैसे लागत नाहीत, विषयाचं बंधन नाही. एका नोंदीत साधारणपणे ५० जीबी आणि १०० फाइली मावतात. विभागाच्या सर्व्हरवर ठेवलेला डेटा प्रकल्प संपला की बहुधा गायब होतो. इथे फाइली सर्नच्या डेटा केंद्रात राहतात, त्यामुळे ती धास्ती बरीच कमी होते.

डेटा न देण्यामागे श्रेयाचा प्रश्न मोठा असतो. वर्षभर मोजमापं घ्यायची आणि नाव निबंध लिहिणाऱ्याचं, हे कोणाला रुचेल? झेनोडोवर प्रत्येक नोंदीला डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो; त्यामुळे डेटासंचाचाही निबंधासारखा संदर्भ देता येतो. डीओआय आधीच राखून ठेवा: नोंदीचा मसुदा करा, डीओआय घ्या, हस्तलिखितात लिहा, आणि निबंध स्वीकारला गेला की नोंद प्रकाशित करा. मात्र राखलेला डीओआय प्रकाशनाआधी उघडत नाही. परीक्षकांना मसुद्याची शेअर लिंक वेगळी पाठवावी लागते, आणि नेमकं हेच विसरलं जातं. आपल्याआधी दुसरंच कोणी छापेल अशी भीती असेल तर एम्बार्गो लावा: फाइली ठरलेल्या तारखेपर्यंत बंद, वर्णन मात्र सगळ्यांना दिसतं.

आवृत्त्यांची सोय मला सगळ्यात मोलाची वाटते. एक डीओआय सर्व आवृत्त्यांचा मिळून असतो आणि शिवाय प्रत्येक आवृत्तीचा वेगळा. निबंधात विश्लेषणासाठी वापरलेल्या आवृत्तीचाच द्या. सामाईक डीओआय दिला तर वाचक ताज्या आवृत्तीवर पोचतो आणि त्याचे आकडे तुमच्या तक्त्याशी जुळत नाहीत. कोडसाठी गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळाची जोडणी आहे. झेनोडोत तुमच्या रेपॉझिटरीचं (तिथल्या कोड प्रकल्पाचं) बटण आधी चालू करा आणि मग गिटहबवर रिलीज, म्हणजे कोडची जाहीर आवृत्ती, काढा; आधीचे रिलीज आपोआप येत नाहीत. सबमॉड्यूल, म्हणजे आत जोडलेल्या दुसऱ्या रेपॉझिटरी, हेही झेनोडोवर येणाऱ्या झिपमध्ये नसतात, ते वेगळे जोडा.

आता उणी बाजू. फाइलींच्या आत काय आहे, हे इथे कोणी तपासत नाही. डोंगराएवढा डेटा खुला असूनही पुन्हा वापरला जात नाही, त्याचं मूळ इथेच आहे. पावसाचं उदाहरण घ्या. हवामान खात्याचा रोजचा पाऊस म्हणजे त्या दिवशी सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांचा पाऊस. स्वयंचलित पर्जन्यमापकाची बेरीज कोणी मध्यरात्र ते मध्यरात्र करतं. फाइलीत नुसता ‘दिनांक’ आणि ‘पाऊस’ असे दोन रकाने असतील, तर दोन्ही संच शेजारी ठेवणाऱ्याला एका दिवसाचा घोळ दिसणारही नाही. १४ जुलैच्या रात्री कोसळलेला पाऊस एकीकडे १४ तारखेला आणि दुसरीकडे १५ला पडेल. रिकामा चौकोन म्हणजे पाऊस नाही की मापक बंद होता? नोंद नसल्याची खूण म्हणून -९९९ असेल आणि ते कुठे सांगितलेलं नसेल, तर सरासरी उणेसुद्धा निघू शकते.

म्हणून साध्या मजकुराची रीडमी, म्हणजे डेटा समजावून सांगणारी, फाइल हवीच. प्रत्येक रकान्याचं नाव, एकक, दिवसाची हद्द, नोंद नसल्याची खूण, उपकरण, आणि कच्च्या फाइलीवर काय संस्कार केले, एवढं लिहा. देवनागरी गावनावं असलेली सीएसव्ही फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत, बीओएमसकट (सुरुवातीला ती पद्धत सांगणारी खूण) जतन करा, नाहीतर थेट एक्सेलमध्ये उघडणाऱ्याला अक्षरांऐवजी चिन्हांचा कचरा दिसतो. आणि १०० फाइलींची मर्यादा चुकवायला सगळं एकाच झिपमध्ये कोंबू नका. वर्षवार किंवा जिल्हावार झिप करा आणि रीडमी बाहेर ठेवा. तीन केबीचं वर्णन वाचायला कोणी ४० जीबी उतरवणार नाही.

परवान्यात सीसी बाय ४.० (श्रेय देऊन कोणीही वापरावं) बहुतेकांना पुरतो. ‘व्यावसायिक वापर नको’ हे कलम सावधगिरी म्हणून लावलं जातं, पण तो डेटा मग विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या खुल्या फाइलसाठ्यावरही जाऊ शकत नाही. व्यावसायिक कशाला म्हणायचं, याच शंकेने बरेच जण असा डेटा बाजूला ठेवतात.

माणसांचा डेटा असेल तर फार जपून. नावं काढली तरी छोट्या गावातलं वय, जात आणि व्यवसाय एकत्र आले की माणूस ओळखू येतो. वयाचे गट करा, गावाऐवजी तालुका ठेवा. तरीही धोका उरत असेल तर तो डेटा इथे टाकूच नका. जनुकक्रमांसाठीही ही जागा नव्हे. ते त्या विषयाच्या भांडारात, म्हणजे जेनबँक या अमेरिकेतल्या जनुकक्रम भांडारात किंवा फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात द्या, आणि झेनोडोवर फक्त विश्लेषणाचे तक्ते आणि कोड ठेवून त्या क्रमांची नोंदणी संख्या वर्णनात लिहा.