घरी बांधलेल्या बिअर-यंत्राचे सतरा घाणे

गेल्या हिवाळ्यात मी इंग्लंडमधल्या रेडिंगच्या घरी बिअर बनवण्याचे एकाच पातेल्यातले विजेचे यंत्र स्वतः बांधले. माल्ट (मोड आणून वाळवलेले बार्ली) भिजवणे, धुणे, त्याचे पाणी उकळणे आणि थंड करणे ही सारी कामे त्या एकाच पातेल्यात होतात. अकरा महिन्यांत त्यावर सतरा घाणे काढले. बांधणीच्या उत्साहात लिहिलेले वर्णन आणि इतक्या वापरानंतरचे मत यांत बरेच अंतर पडते, म्हणून मी लिहिण्याची घाई केली नाही.

इंग्लंडमध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना 1963 साली रद्द झाला. तेव्हापासून स्वतःच्या वापरासाठी, विक्रीसाठी नव्हे, कोणीही घरी बिअर बनवू शकतो. महाराष्ट्रात मात्र 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय हा उद्योग गुन्हा ठरतो. पुण्याहून दर सुट्टीत ‘आम्हाला नकाशा पाठव’ असे सांगणाऱ्या चुलतभावाला मी दर वेळी हेच उत्तर देतो.

यंत्राची रचना साधी आहे. बाहेर चाळीस लिटरचे स्टेनलेस स्टीलचे पातेले, त्याच्या तळाशी 2.4 किलोवॉटचा हीटर, आणि आत दुसरे लहान पातेले, ज्याचा तळ कापून तिथे भोकांचा पत्रा बसवला आहे. भरडलेले माल्ट आतल्या पातेल्यात राहते. तळाच्या तोटीतून पंप माल्टचे गोड पाणी, म्हणजे वर्ट, उचलतो आणि माल्टच्या थरावर सोडतो, ते थरातून झिरपून पुन्हा खाली येते. तापमान पीटी-100 जातीचा संवेदक मोजतो, आणि नियंत्रक सॉलिड स्टेट रिले या इलेक्ट्रॉनिक स्विचमार्फत हीटर चालू-बंद करतो. ग्रेनफादर किंवा ब्राउमाइस्टर ही तयार यंत्रेही असेच एका पातेल्यात काम उरकतात. मला सुटे भाग सुमारे 240 पौंडांना पडले. पोलाद कापण्यासाठी घेतलेली पायऱ्यांची ड्रिल आणि दोनदा चुकीच्या आट्यांच्या मागवलेल्या तोट्या यांचा खर्च, प्रामाणिकपणे सांगायचे तर, मी त्यात धरलेला नाही. केवळ पैसे वाचवण्यासाठी कोणी हे करणार असेल, तर त्याने करू नये.

बांधताना माझे सारे लक्ष तापवण्याकडे होते, आणि तिथेच माझा अंदाज चुकला. पाणी तापवणे हा या यंत्राचा सर्वांत सोपा भाग आहे. वीस लिटर पाणी नळाच्या बारा अंशांपासून सत्तरपर्यंत न्यायला पस्तीस ते चाळीस मिनिटे लागतात, गणितही तेच सांगते, आणि त्यात आजवर काही बिघडलेले नाही. खरी परीक्षा ते पाणी माल्टमधून किती सहज वाहते याची असते.

पहिल्या घाण्याला मी चक्कीची फट 0.9 मिलिमीटर ठेवली होती, कारण बारीक दळले की साखर जास्त सुटते असे वाचले होते. ते खरेही आहे, पण भरड आणि पीठ यांत फरक असतो. टरफले फाटली, पिठाचा चिकट थर पत्र्यावर बसला आणि पाणी खाली झिरपेना. पंप मात्र आपले काम करत राहिला. वरून पाणी माल्टवर चढत होते आणि खाली पातेल्याच्या तळाचे पाणी संपत होते, इतके की हीटर उघडा पडला, त्यावर चिकटलेले पीठ करपले आणि स्वयंपाकघरात खीर लागल्यासारखा वास सुटला. चार किलो मॅरिस ऑटर या बार्लीच्या जातीच्या माल्टमधून एकवीस लिटरला 1.033 एवढीच घनता मिळाली (साधे पाणी 1.000, साखर जितकी जास्त तितका आकडा वर), म्हणजे माल्टमधली जेमतेम अठ्ठावन्न टक्के साखर हाती लागली. ती बिअर मी एकट्याने संपवली, कोणाला दिली नाही.

उपाय तीन झाले. चक्कीची फट 1.2 मिलिमीटरवर नेली. दळण्यापूर्वी माल्टवर दोन टक्के, म्हणजे चार किलोला ऐंशी ग्रॅम, पाणी शिंपडून दहा मिनिटे ठेवू लागलो. त्याने टरफले लवचीक होतात आणि अखंड राहतात. पंपाच्या बाहेरच्या बाजूला तोटी बसवून प्रवाह निम्म्यावर आणला आणि आतल्या पातेल्यात मधोमध एक उभी नळी लावली, ज्यातून वर साचलेले जास्तीचे पाणी थेट खाली उतरते. या नळीला अगदी थोडक्या मोलाचे पोलाद लागले असेल, पण सबंध यंत्रात तिच्याइतका उपयोगी भाग दुसरा नाही. चौथ्या घाण्यापासून बहात्तर टक्के साखर सुटते आणि तेवढ्याच माल्टला 1.041 घनता मिळते. गव्हाच्या बिअरला, ज्यात टरफलच नसते, भाताचे तूस मिसळावे लागते. कोकणात भातगिरणीमागे ढिगाने पडलेले तूस इथे पुड्यांतून विकत घेताना हसू आवरत नाही.

दुसरी चूक संवेदकाच्या जागेची. मी तो हीटरच्या शेजारी बसवला होता. पडद्यावर 67 अंश दिसत असताना माल्टच्या थराच्या वरच्या भागात स्वयंपाकाचा तापमापक 62 दाखवत होता. पाच अंशांचा फरक किरकोळ वाटतो, पण साठ ते पासष्टच्या आसपास माल्टमधले बीटा-अमायलेज हे विकर (एन्झाइम) जोरात चालते आणि जवळजवळ सारी साखर यीस्टला पचेल अशी बनवते. परिणामी आंबल्यावर 1.011 घनतेवर थांबायला हवी असलेली बिअर 1.006 पर्यंत उतरली आणि पाणचट लागली. आता संवेदक पंपाच्या नळीत आहे, म्हणजे माल्टवर पडणाऱ्या पाण्याचेच तापमान मोजले जाते.

विजेबाबत मी अधिक काटेकोर असायला हवे होते. किटलीसारख्या सुट्या वायरीची जोडणी दहा अँपिअरसाठी असते, आणि 2.4 किलोवॉटचा हीटर त्याहून किंचित जास्त ओढतो. किटली तीन मिनिटे चालते, हे पातेले अडीच तास. दुसऱ्या महिन्यात जोडणीचे प्लास्टिक तपकिरी पडलेले दिसले, तेव्हा ती काढून वायर हीटरला कायमची जोडली. मग सातव्या महिन्यात रिले गेला. हा भाग बिघडतो तेव्हा बहुधा बंद न पडता चालूच राहतो. नियंत्रक ‘थांब’ म्हणत होता आणि हीटर तापतच होता. माझे लक्ष जाईपर्यंत माल्ट 76 अंशांवर पोहोचले होते, आणि ती बिअर 1.018 वर अडकून गोडसर राहिली. त्यानंतर मोठ्या उष्णता-शोषकावर नवा रिले बसवला आणि त्याच्या आधी हाताने दोन्ही तारा तोडणारा स्विच घातला. तीस मिलिअँपिअरचे गळती-संरक्षण पहिल्या दिवसापासून होते. पाणी आणि वीज एकाच पातेल्यात असताना त्यावर तडजोड नाही.

उकळण्याबद्दल तक्रार नाही. बाहेरून फोमचे आवरण गुंडाळल्यावर उकळी जोरदार टिकते आणि तासाला पावणेतीन लिटर वाफ होते. ती वाफ घराच्या खिडक्यांवर उतरते, त्यामुळे जुलैपासून मी हे काम गॅरेजमध्ये हलवले आहे. पहिली उकळी येताना हे पातेले दुधासारखेच उतू जाते, तेव्हा समोरून हलू नये.

इथले पाणी जड आहे. किटलीत पांढरा थर साचतो तसा हीटरवरही साचतो, आणि दर चौथ्या घाण्यानंतर सायट्रिक आम्लाने धुवावा लागतो. गडद स्टाउट बिअरला हे पाणी मानवते, फिकट बिअरला लॅक्टिक आम्ल घालावेच लागते. पाण्यातला क्लोरीन घालवायला कॅम्डेनची (सल्फाइटची) अर्धी गोळी पुरते.

थंड करण्याची व्यवस्था हा अजूनही कच्चा दुवा आहे. दहा मीटर तांब्याच्या नळीतून गार पाणी सोडले की जानेवारीत पस्तीस मिनिटांत वीस अंश गाठता येतात. ऑगस्टमध्ये नळाचेच पाणी कोमट येते, आणि तासाभरानंतरही पातेले सव्वीसच्या खाली उतरले नाही. शेवटी ते झाकून रात्रभर ठेवले आणि यीस्ट सकाळी घातले. तेव्हापासून बादलीत बर्फ आणि जुना पंप ठेवून शेवटचा टप्पा त्या पाण्यावर काढायचे ठरवले. तसे केले की पाण्याचा अपव्यय निम्म्याने घटतो, पण बर्फ आदल्या दिवशी करून ठेवण्याची आठवण आजवर दोनदाच राहिली आहे.

चार किलो माल्टचा चोथा दर वेळी उरतो. त्यातला काही सुकवून, दळून सौ. थालीपीठाच्या भाजणीत मिसळते. बाकी बागेतल्या खतात जातो. अठराव्या घाण्यापूर्वी पंपाचे डोके उघडून पाहायचे आहे, कारण गेल्या वेळी गरम वर्ट ओढताना तो खरखरत होता. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांच्या पाकळ्या आत अडकल्या असाव्यात असा माझा संशय आहे, आणि यापुढे ती फुले कापडी पिशवीत बांधूनच घालणार आहे.