मील किटचा बॉक्स, देसी दुकान की काकूंचा डबा?

बॉक्स उघडल्यावर सासूबाईंनी सगळ्यात आधी लसूण उचलला. कागदी पिशवीत सुट्या दोन पाकळ्या. शेजारी एक लिंबू, पातीच्या कांद्याच्या दोन काड्या आणि नखाएवढ्या पाकिटात सोया सॉस. "भातुकली आहे का गं ही?" त्यांनी विचारलं. म्हटलं, आई, आजचं जेवण आहे, चौघांचं. त्यांनी सोबतचं पाककृतीचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि मुकाट्याने कुकर लावला.

ही गोष्ट आमच्या न्यू जर्सीच्या घरातली. त्यानंतर मधे मधे थांबवत चारेक महिने बॉक्स येत राहिला. ओळखीतली दोन-तीन घरं सध्या घेऊ की नको या विचारात आहेत. प्रत्येकीला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. आमचं घर असं: आम्ही दोघं नोकरी करणारे, ११ वर्षांची मुलगी, ८ वर्षांचा मुलगा. नवरा आणि मुलगा चिकन खातात, मी आणि मुलगी नाही. सासूबाई सहा महिने इथे, सहा महिने साताऱ्यात. तुमच्याकडे यातलं काय वेगळं आहे ते बघत वाचा.

आधी एक घोळ काढू. मील किट म्हणजे मोजून दिलेलं कच्चं सामान आणि सोबत पाककृतीचं कार्ड. चिरायचं, शिजवायचं, भांडी घासायची, सगळं आपणच. कल्पना मूळची स्वीडनची, २००७ च्या आसपासची. २०११ मध्ये बर्लिनमध्ये हॅलोफ्रेश निघाली, २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ब्लू एप्रन. फॅक्टरसारखे मायक्रोवेव्हमध्ये गरम करून खायचे डबे ही वेगळीच जात आहे, फॅक्टर २०२० पासून हॅलोफ्रेशच्या मालकीची असली तरी. माझ्या एका मैत्रिणीला हवा होता तो दुसरा प्रकार आणि तिने मागवला पहिला. मग आठवडाभर कंपनीला शिव्या. मुंबईत लोकलमधून उतरल्यावर स्टेशनबाहेर चिरलेली भाजी, निवडलेली मेथी घेतलेली असेल, तर हा बॉक्स तिचं लांबचं भावंड समजा. फरक एवढाच की इथे भाजी चिरलेलीसुद्धा नसते.

वेळ: कुठला वाचतो, कुठला नाही

कार्डावर ३० किंवा ३५ मिनिटं लिहिलेली असतात. मी मोबाइलवर वेळ लावून पाहिली. पहिल्या आठवड्यात ५५ मिनिटं लागली, सरावाने ४० वर आली. रताळ्याच्या फोडी करा, लिंबाची साल किसा, एकीकडे ओव्हन तापवा, दुसरीकडे सॉस ढवळा. शेवटी सिंकमध्ये एक तवा, एक ट्रे, दोन वाडगे आणि किसणी.

आमचं वरण-भात-भाजीचं जेवण यापेक्षा लवकर होतं, कारण कुकरला माझी गरज नसते. तो शिट्ट्या घेतो तोवर मी मुलाचा गृहपाठ बघते. पोळ्या दुकानातल्या फ्रोझन. पीठ मळायचे दिवस कधीच गेले, खोटं कशाला सांगू? आणि आमच्या भागात घरगुती जेवणाचे डबे पुरवणाऱ्या काकूंचा डबा तर पाच मिनिटांत ताटात. म्हणजे गॅससमोर उभं राहण्याच्या हिशोबात बॉक्स तिघांत शेवटचा येतो. जाहिरात बघून वाटतं त्याच्या अगदी उलट.

मग वाचतं काय? दुपारी चार वाजता ऑफिसच्या मीटिंगमध्ये डोक्यात घोळणारं "आज काय करायचं?" आणि शनिवारची ओक ट्री रोडवरच्या देसी दुकानांची फेरी. पार्किंग शोधण्यापासून कोथिंबिरीची जुडी निवडण्यापर्यंत दोन तास जातात. बॉक्स हे दोन्ही उचलतो. तुम्हाला ठरवण्याचा कंटाळा असेल तर तो कामाचा आहे. करण्याचा कंटाळा असेल तर नाही. मला आधी वाटत होतं की मला करण्याचा कंटाळा आहे. बॉक्स आल्यावर कळलं की स्वयंपाक करायला मला चालतो, दर संध्याकाळी तो शून्यापासून सुचवणं चालत नाही.

पैसे

मोठ्या कंपन्यांचा भाव माणशी एका जेवणाला साधारण १० ते १२ डॉलर, वर घरपोच आणण्याचे १०-११. चौघांसाठी आठवड्यातून तीन रात्री म्हणजे १२ ताटं, म्हणजे १३० ते १५५ डॉलर. सुरुवातीची घसघशीत सूट बहुतेक वेळा पहिल्या काही बॉक्सवर विभागलेली असते. त्यामुळे खरा आकडा महिना-दीड महिन्याने क्रेडिट कार्डावर दिसतो. देसी दुकान आणि जवळचं अमेरिकन दुकान मिळून आमचं सात दिवसांचं सगळं सामान, दूध-फळांसकट, साधारण तेवढ्यातच येतं. काकूंचा डबा आमच्या भागात १२ डॉलरच्या आसपास. चार पोळ्या, भाजी, आमटी, भात. तीन डब्यांत घरचा थोडा भात घातला की चौघांचं भागतं.

पण अशी तुलना केली की बॉक्स हरणारच. खरा प्रश्न असा: बॉक्स आला नसता तर त्या तीन रात्री तुम्ही काय खाल्लं असतं? मी मागच्या दोन महिन्यांची कार्डाची स्टेटमेंट काढून बसले. आठवड्यातून सरासरी दोनदा बाहेरून मागवलेलं होतं, थाई नाहीतर पिझ्झा, टिप धरून दर वेळी ५५-६० डॉलर. त्या रात्रींच्या जागी बॉक्स आला तर तो स्वस्त. वरण-भाताच्या रात्रींच्या जागी आला तर चैन. तुम्हीही आधी स्टेटमेंट काढा, मग जाहिरातीचं कुपन उघडा.

आणखी एक खर्च कुठल्याच पानावर लिहिलेला नसतो. चार ताटं म्हणजे मोजून चारच. दुसऱ्या दिवशीच्या डब्याला काही उरत नाही. आपल्याकडे रात्रीची भाजी सकाळी मुलांच्या डब्यात आणि नवऱ्याच्या ऑफिसात जाते, हे गृहीतच असतं. बॉक्सच्या आठवड्यात मला सकाळी सातला उपमा नाहीतर पराठे वेगळे करावे लागले. त्या आठवड्यांत स्वयंपाक कमी झाला नाही, त्याची वेळ बदलली.

शाकाहारी असाल तर

शाकाहारी पदार्थ निवडता येतात, पण दोन महिन्यांत लक्षात आलं की फिरून फिरून टाको, पास्ता, रताळं, मश्रूम आणि वर ढीगभर चीज. अस्सल पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं. घरात कोणी याबाबत काटेकोर असेल तर लेबल वाचा, नुसत्या हिरव्या पानाच्या चिन्हावर जाऊ नका. अंडं तर शाकाहारीत धरलेलंच असतं. संपूर्ण वनस्पतिजन्य हवं असेल तर पर्पल कॅरटसारख्या कंपन्या आहेत, मात्र तिथे दही-पनीर विसरा.

आमच्याकडे अर्धे खाणारे, अर्धे न खाणारे. चौघांचं एक चिकनचं जेवण मागवलं की मला आणि मुलीला काय? शेवटी दोन माणसांचे दोन पदार्थ करावे लागतात, म्हणजे दोन कार्डं, दोन ट्रे आणि एकाच ओव्हनसाठी रांग. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्यांनी तर या वाटेला जाऊच नये. काकूंना मात्र रविवारी व्हॉट्सॲपवर "या बुधवारी संकष्टी आहे, चंद्रोदयानंतर गरम जेवण हवं" एवढं कळवलं तरी पुरतं.

जे मला अपेक्षित नव्हतं

आमच्या घरात स्वयंपाक म्हणजे मी. नवरा मदत करतो, म्हणजे विचारतो. हळद किती? कांदा कसा चिरू? झालं का बघ ना! दहा प्रश्नांची उत्तरं देण्यापेक्षा मीच केलेलं बरं, असं म्हणत पंधरा वर्षं गेली. चूक एकट्या त्याची नव्हती. माझ्या डोक्यातल्या पाककृतींत "अंदाजाने", "चवीपुरतं", "खमंग वास येईपर्यंत" असलं काहीबाही असतं. ते नवख्या माणसाला कसं कळावं?

कार्डात अंदाज हा शब्दच नसतो. सहा फोटो, सहा पायऱ्या, गाजराचे तुकडे किती जाड करायचे तेही लिहिलेलं. एका मंगळवारी मला घरी यायला साडेसात झाले. दार उघडलं तर नवरा कार्ड फ्रिजला चुंबकाने लावून रताळं चिरत होता आणि मुलगी मोठ्याने वाचत होती, "आता मसाल्याचं अर्धं पाकीट. बाबा, अर्धं म्हणजे अर्धंच!" मुलगा टोमॅटोच्या पिशवीचा आकडा कार्डाशी जुळवून बघत होता. टॉर्टिया एका बाजूने काळ्या झाल्या होत्या, रताळं मधोमध कच्चं. मला कोणी एक प्रश्न विचारला नाही. मी हात धुऊन सरळ ताटावर बसले. लग्नानंतर अशी पहिल्यांदाच.

पैशांच्या हिशोबात हे कुठे धरायचं मला माहीत नाही, पण बॉक्सच्या बाजूने माझ्याकडे याहून जड काही नाही. तीन महिन्यांत नवऱ्याला सहा जेवणं जमायला लागली आणि मुलीला सुरी नीट धरता येते. कार्डं आम्ही ठेवून दिली आहेत. त्यातले निम्मे पदार्थ आता साध्या दुकानातल्या सामानावर होतात. कंपनीला हे आवडत नसेल, पण खरं आहे.

म्हणून ज्या घरात एकच जण स्वयंपाक करतो आणि बाकीच्यांना तो शिकायचा आहे (किंवा शिकायला लावायचा आहे), तिथे दोन-तीन महिने बॉक्स घ्यावा. शिकवणीची फी समजून.

पुठ्ठा, बर्फ आणि उन्हाळा

एवढं पॅकिंग बघून जीव दडपतो. पण मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये किटची जेवणं आणि दुकानातून सामान आणून केलेली तीच जेवणं समोरासमोर मांडली, तेव्हा हरितगृह वायूंचा भार किटचाच कमी निघाला. एका जेवणामागे सरासरी ६.१ किलो, तर दुकानाच्या जेवणामागे ८.१ किलो. मोठं कारण म्हणजे किटमध्ये अन्न वाया कमी जातं. माझी एक शंका आहे. उरलेला भात फोडणीला घालणाऱ्या आणि शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या घराला हा हिशोब कितपत लागू पडावा? आमच्याकडे वाया जाते ती फक्त कोथिंबीर, तीही दर आठवड्याला, नेमाने.

बर्फाच्या पिशव्या मात्र डोकेदुखी. कित्येकांत पाण्यासोबत डायपरमध्ये असते तसली जेल पावडर असते. ती सिंकमध्ये ओतायची नाही, पाइप तुंबतो. आमच्या फ्रीझरमध्ये एकदा अकरा पिशव्या साठल्या आणि मटारला जागा उरली नाही.

जुलैमधल्या एका गुरुवारी बॉक्स दुपारी एकला दारात ठेवला गेला आणि आम्ही साडेसहाला घरी आलो. बर्फाचं पाणी झालेलं, चिकन कोमट. अमेरिकी कृषी खात्याचा नियम साधा आहे: नाशवंत अन्न ४ अंश सेल्सिअसच्या वर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं, आणि बाहेर ३२ अंशांच्या पुढे ऊन असेल तर एका तासापेक्षा जास्त, की टाकून द्यायचं. दिलं टाकून. कंपनीने पैसे परत केले, पण रात्री साडेसहाला पैसे कोण खातं? दिवसा घरी कोणी नसेल तर उन्हाळ्यात बॉक्स नको, एवढं पक्कं.

आणि हो, नको असलेला आठवडा पाच-सहा दिवस आधी वगळावा लागतो, नाहीतर बॉक्स येतोच. आम्ही भारतात असताना एक आला. तो शेजाऱ्यांनी खाल्ला. आता फोनमध्ये दर शुक्रवारचं रिमाइंडर आहे.

काकूंच्या डब्याबद्दल थोडं

थकून आल्यावर आमटीचा वास आला की बाकीचे मुद्दे आठवत नाहीत, हे आधी कबूल करते. तरी दोन गोष्टी. एक, मुलांना तो आठवड्यातून दोनदाच चालतो, आणि डिसेंबरात काकू महिनाभर पुण्याला जातात. दुसरी जरा अवघड. न्यू जर्सीत २०२१ पासून घरी केलेले केक-बिस्किटांसारखे टिकाऊ पदार्थ परवाना काढून विकता येतात, पण फ्रिजमध्ये ठेवावी लागणारी आमटी-भाजी त्यात बसत नाही. त्यामुळे डबा परवान्याच्या किचनमधून येतो का, हे विचारायला लाजू नका. आमच्या काकू चर्चचं किचन भाड्याने घेतात, विचारल्यावर त्यांनी कागद दाखवला.

घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर बॉक्स नको, डबाच घ्या. ४० मिनिटं सलग गॅससमोर उभं राहणं त्या काळात होत नाही. सहा-सात माणसांचं घर असेल तर देसी दुकान आणि मोठा कुकर, दुसरा विचार नको. दोघंच असाल आणि तिखट-मिठाचं फार नसेल, तर बॉक्स तुमच्यासाठीच बनवलाय.

आम्ही आता महिन्यातून एक बॉक्स घेतो, तोही सासूबाई साताऱ्यात असतील तेव्हा. सध्या त्या इथे आहेत आणि पुढच्या गुरुवारचा बॉक्स अजून चालू दिसतोय. आज रात्री बारापर्यंत वगळायला हवा.