कॅनडाची पीआर नाकारल्यानंतर : डेक्कनवरील एका सल्ला कार्यालयाची सेवा

पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण कॅनडात घेऊन तेथेच नोकरीला लागलेल्या आमच्या मुलीचा पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्याचा, अर्ज नामंजूर झाला, तेव्हा पुढील कार्यवाहीसाठी आम्ही डेक्कन जिमखान्याजवळील एका सल्ला कार्यालयाची सेवा घेतली. पुण्यात पीआर मिळवून देण्याच्या पाट्या कर्वे रस्त्यापासून फर्ग्युसन रस्त्यापर्यंत पावलोपावली दिसतात. नकार आल्यानंतर काय करायचे, हे नीट सांगणारे मात्र शोधावे लागतात. याआधी ज्या एका ठिकाणी आम्ही चौकशी केली, तेथे नकारपत्र न वाचताच 'अपील करून टाकू' असे सांगून ठोक रकमेचा आकडा पुढे करण्यात आला होता.

डेक्कनच्या कार्यालयातील सल्लागारांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले की, एक्स्प्रेस एन्ट्रीतील, म्हणजे कुशल कामगारांना पीआर देण्याच्या ज्या पद्धतीत मुलीने अर्ज केला होता तीतील, नकारावर अपील करण्याची सोयच नाही. कॅनडातील इमिग्रेशन अपील डिव्हिजन हे अपील मंडळ कुटुंबीयांच्या स्पॉन्सरशिपचे नकार किंवा निवासाची अट न पाळलेल्या पीआरधारकांची प्रकरणे ऐकते. आमच्यासारख्या प्रकरणात फेडरल कोर्टाकडे न्यायालयीन पुनर्विलोकनाची, म्हणजे अधिकाऱ्याचा निर्णय कोर्टाकडून तपासून घेण्याची, परवानगी मागावी लागते, आणि ते काम वकिलाचे असल्याने परवानाधारक सल्लागार असूनही ते स्वतः तेथे उभे राहू शकत नाहीत. मोठी फी हातची जाणार हे दिसत असताना त्यांनी हे सांगितले, याचे मोल मला सर्वांत जास्त वाटते.

त्यानंतरचा प्रश्न मुदतीचा होता. निर्णय कॅनडात झालेला असेल तर कोर्टात जाण्यास १५ दिवस आणि कॅनडाबाहेर झालेला असेल तर ६० दिवस मिळतात. अधिकाऱ्याकडे फेरविचाराची विनंती करता येते, पण त्यामुळे ही मुदत थांबत नाही. केवळ विनंतीच्या उत्तराची वाट पाहत बसल्याने अनेकांची कोर्टाची वाट बंद होते, असे ते म्हणाले. त्यांनी दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू करायला लावल्या. कोर्टात अर्ज केला म्हणून नोकरी करण्याची परवानगी आपोआप वाढत नाही, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

नकाराचे कारण त्यांनी ज्या पद्धतीने उलगडले, ते मुद्दाम लिहिण्यासारखे आहे. मुलीचा अर्ज ज्या गटात होता त्या कॅनेडियन एक्स्पीरिअन्स क्लाससाठी, म्हणजे कॅनडातील कामाच्या अनुभवावर पीआर देणाऱ्या गटासाठी, मागील तीन वर्षांत एक वर्षाचा, म्हणजे आठवड्याला ३० तासांप्रमाणे १,५६० तासांचा, कुशल कामाचा अनुभव लागतो आणि पूर्णवेळ शिक्षण चालू असतानाचे काम त्यात धरले जात नाही. सल्लागारांनी एका कोऱ्या कागदावर एकाखाली एक तीन तारखा लिहिल्या : अभ्यासक्रमाच्या सर्व अटी पूर्ण झाल्याची, नोकरीवर रुजू झाल्याची आणि पदवीदान समारंभाची. अधिकाऱ्याने शिक्षण पदवीदानापर्यंत चालू होते असे धरले होते आणि त्यामुळे मधले महिने वजा होऊन अनुभव वर्षाच्या आत आला होता. विद्यापीठाच्या रजिस्ट्रारचे अटी पूर्ण झाल्याचे पत्र मूळ अर्जात जोडलेले होते. कोर्ट सहसा नवे पुरावे घेत नाही, अधिकाऱ्यासमोर जे होते त्यावरच निर्णय तर्कसंगत होता का एवढे पाहते. त्यामुळे सारी भिस्त त्या पत्रावर होती.

तक्रारीही आहेत. सांगितलेल्या फीमध्ये १८ टक्के जीएसटी धरलेला नव्हता आणि तो बिलातच प्रथम दिसला. कोर्टाचे दाखल शुल्क अवघे ५० डॉलर आहे, तेव्हा उरलेली रक्कम कोणाला व कशासाठी जाते, याचा लेखी तपशील मागून घेणे इष्ट. आम्हाला तो दोनदा मागितल्यावरच मिळाला. शिवाय कार्यालय संध्याकाळी सातला बंद होते, म्हणजे उन्हाळ्यात टोरंटोतील वकिलाचा दिवस जेमतेम सुरू होतो त्या वेळी, आणि घाईच्या त्या दिवसांत रात्री फोन उचलायला कोणी नसे.

कोर्टाचा परवानगीवर निर्णय होण्यापूर्वीच सरकारी वकिलांनी तडजोड सुचवली आणि प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे नव्याने तपासणीसाठी गेले. खटला जिंकला तरी कोर्ट स्वतः पीआर देत नाही, फेरनिर्णयाचाच आदेश देते, हे आम्हाला आधीच सांगितलेले असल्यामुळे घरात अवास्तव आशा बाळगली गेली नाही. ती फेरतपासणी अद्याप चालू आहे.

ज्यांना जायचे असेल त्यांनी नकारपत्र, मूळ अर्जासोबत जोडलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आणि पत्र कोणत्या तारखेला मिळाले याचा पुरावा बरोबर न्यावा. सल्लागार कोणीही असो, त्याचा परवाना कॅनडातील नियामक कॉलेजच्या (सल्लागारांना परवाने देणाऱ्या संस्थेच्या) ऑनलाइन नोंदवहीत आधी पाहून घ्यावा. येथे तो क्रमांक भिंतीवर लावलेला आहे. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, आणि खाली चारचाकी लावायला जागा मिळत नाही.