ऑइल खाणारी गाडी आणि छोटी ग्वालटोलीतलं गॅरेज

इंदूरच्या छोटी ग्वालटोलीतलं हे गॅरेज तपासणीचे वेगळे पैसे घेतं. सातशे रुपये, आणि पुढच्या बिलातून ते वजा होत नाहीत. आमच्या ह्यांना हे फार खटकलं. मला याच कारणासाठी गॅरेज आवडलं. सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये केलेल्या बाईला रिपोर्टच्या आधी ऑपरेशन ठरवणाऱ्यांचा राग येणारच. आणि याआधी जिथे जिथे गाडी दाखवली तिथे बॉनेट नीट उघडायच्या आत 'इंजन का काम निकला है' हेच ऐकलं. खर्चाचा अंदाज पस्तीस हजारांच्या पुढे.

गाडी २००९ सालची, चार सिलिंडर, सोळा वॉल्व्ह, साधी पेट्रोल, दीड लाख किलोमीटरच्या आसपास चाललेली. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल लागायला लागलं होतं. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत एवढं चालतं असं छापलेलं असतं, त्यामुळे 'नॉर्मल है, मॅडम' म्हणणारेही भेटले. पण हीच गाडी पूर्वी दोन सर्व्हिसिंगच्या मधे थेंब मागत नव्हती. शिवाय चेंबरमध्ये ऑइल मावतं जेमतेम सव्वातीन लिटर. डॅशबोर्डवरचा लाल दिवा ऑइलचा दाब बघतो, पातळी नाही. तो पेटेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

गॅरेजचे मिस्त्री मराठी आहेत, साठीच्या पुढचे. पहिल्या दिवशी त्यांनी गाडीला हातच लावला नाही. ऑइल मोजायच्या पट्टीवरच्या टॉप-मार्कपर्यंत ऑइल भरलं, एक पुठ्ठ्याचं कार्ड दिलं आणि म्हणाले, "ताई, पाचशे किलोमीटर चालवून या. गाडी रोज एकाच सपाट जागी लावायची, सकाळी थंड इंजिनावर पट्टी बघायची, आणि किती घातलं ते मिलीमध्ये लिहायचं. 'थोडंसं घातलं' मला चालत नाही." मी घरातला मोजपात्राचा सिलिंडर काढला. ह्यांनी कपाळाला हात लावला.

कार्ड भरून परत गेले तेव्हा खरी तपासणी सुरू झाली, आणि तिचा क्रम मला पटला: स्वस्तापासून महागाकडे. आधी बाहेरची गळती. इंजिन धुऊन, वाळवून, संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर मारली आणि एक चक्कर मारून आणली. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाच्या, पॅकिंगशी पावडर ओली झाली होती, पण एवढ्याशा पाझरण्याने लिटरभर ऑइल जात नाही. मग पीसीव्ही वॉल्व्ह. इंजिनाच्या पोटात साठणारा वायू हा वॉल्व्ह इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेत, सोडतो. तो अडकला की एकतर वायूबरोबर ऑइलही ओढलं जातं, नाहीतर आत दाब वाढून सील गळू लागतात. आमचा हलवल्यावर वाजत नव्हता, म्हणजे चिकटलेला. पाठीमागच्याच दुकानातून नवा आणला. तिथे काम संपवून मला वाटेला लावणं सोपं होतं. त्याऐवजी पुन्हा नवं कार्ड मिळालं. खप थोडा उतरला, पण थोडाच.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये किती दाब बनतो ते. चारही प्लग बाहेर, पेट्रोल आणि स्पार्क बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडे आले १७०, १६५, १७२, १६८ पीएसआय. नंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजलेल्या असतील तर त्या ऑइलने फट बुजते आणि आकडा चांगलाच चढतो. आमचा जेमतेम हलला. मी लगेच विचारलं, म्हणजे रिंगा ठीक? यावर त्यांनी जे सांगितलं त्यासाठी मी सातशे काय, हजारही दिले असते. "वरच्या दोन रिंगा ठीक. हे मीटर तिसरीबद्दल काही बोलत नाही." पिस्टनवरची तिसरी रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली पाठवते. कार्बन बसून ती जाम झाली तर कॉम्प्रेशन सुंदर येतं आणि गाडी ऑइल पीतच राहते. आपली टेस्ट काय दाखवत नाही हे आपणहून सांगणारा माणूस मला लॅबमध्येसुद्धा क्वचित भेटला.

म्हणून पुढची परीक्षा रस्त्यावर. सिमरोलच्या पुढे खंडवा रोडवर भेरूघाट आहे, तिथे घेऊन गेले. मागे मोटारसायकलवर गॅरेजमधला मुलगा, मोबाइलवर सायलेन्सरचा व्हिडिओ काढत. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, बंद होतो आणि इनटेकमध्ये जोराची ओढ तयार होते. वॉल्व्हच्या दांडीवरचं रबरी सील कडक झालेलं असेल तर त्या ओढीने ऑइल खाली उतरतं, आणि परत अ‍ॅक्सिलरेटर दिला की जळतं. व्हिडिओत घाटाच्या पायथ्याशी निळ्या धुराचा मोठा भपका आहे. परतीच्या चढावर, जोर लावूनही, जवळजवळ काही नाही. रिंगांचा दोष मोठा असता तर धूर तिथे दिसला असता. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पहिल्या स्टार्टला निघणारा धूरही त्यातच बसत होता.

निदान: वॉल्व्ह सील. हेड, म्हणजे वॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवलंच नाही. पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरतात. हवा वॉल्व्हला जागेवर धरून ठेवते आणि वरून स्प्रिंग काढून सील बदलता येतं. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक लावलेला, नाहीतर हवेनेच इंजिन फिरेल. सोळा सील, टॅपेट पॅकिंग, मजुरी धरून साडेपाच हजार. जुनी सील पिशवीत घालून दिली. नखाने दाबली तर प्लॅस्टिकसारखी वाटतात.

कोणीतरी सुचवलं होतं की २०डब्ल्यू-५० नंबरचं ऑइल घाला (हा नंबर ऑइलच्या जाडीचा), जाड ऑइल कमी जळतं. मिस्त्रींनी नकार दिला. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० आहे, तेच घालायचं. जाड ऑइल थंड इंजिनात वर पोचायला वेळ लावतं, आणि कडक झालेलं सील काही मऊ करत नाही.

आता हजार किलोमीटरला दीडशे-दोनशे मिली लागतं. शून्य नाही. ते होणार नाही हे आधीच सांगितलं होतं, तिसऱ्या रिंगेचं वय झालंय म्हणून. त्याच्यासाठी इंजिन उघडू नका, पट्टी बघत राहा, असा सल्ला.

आता तक्रारी. सरवटे बस स्टँडच्या बाजूने आत शिरायचं म्हणजे शिक्षा आहे, गाडी उभी करायला जागा नाही. बसायला एक स्टूल, त्यावरही बहुधा कोणाचा तरी गिअरबॉक्स ठेवलेला. फोन उचलत नाहीत. एका वेळी दोनच गाड्या घेतात, त्यामुळे नंबर लागायला वेळ लागतो, आणि दिलेली तारीख पाळलीच जाईल असं नाही. बिल हाताने लिहिलेलं, पण त्यात सगळे आकडे असतात, कॉम्प्रेशनचे आधीचे आणि नंतरचेही. पाचातले चार तारे; पाचवा स्टूल रिकामं झाल्यावर. टर्बोवाली डिझेल गाडी असेल तर जाऊ नका, ते घेत नाहीत.