हेडस्पेस गेज: जुन्या रायफलीसाठी आधी कोणता घ्यावा?

अमेरिकेत लष्करातून बाद झालेली रायफल घेतलेले मराठी मित्र हमखास विचारतात: गो, नो-गो, फील्ड असे तीन गेज मिळतात, एकच घ्यायचा तर कोणता? भोसरीच्या वर्कशॉपमध्ये ज्याने प्लग गेज (भोकाचं माप तपासायची दांडी) हाताळलाय त्याला गो आणि नो-गो शिकवावे लागत नाहीत. इथे तपासायचं असतं ते बंद बोल्टचं (काडतुसामागे दार लावणाऱ्या दांड्याचं) तोंड आणि काडतूस जिथे अडतं ती जागा, यांमधलं अंतर. तेच हेडस्पेस.

.३०८ विंचेस्टर हे काडतूस खांद्यावर, म्हणजे पुंगळी निमुळती होते तिथे, अडतं. गो १.६३० इंच, नो-गो १.६३४, फील्ड १.६३८, म्हणजे चार-चार थाऊंचा (इंचाच्या हजाराव्या भागांचा) फरक. गेज चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, ठेवायचा: गोवर बोल्ट बंद व्हायलाच हवा, नो-गोवर होता कामा नये. नवी नळी बसवली असेल तर ही जोडीच घ्या. जुन्या रायफलीत मात्र एकटा नो-गो उगाच घाबरवतो: झीज झालीय एवढंच कळतं, रायफल बाद करायची का हे कळत नाही. ते फील्ड सांगतो. म्हणून जुन्या रायफलीसाठी माझं मत फील्डला. त्यावर बोल्ट बंद झाला, तर कारागिराने पाहेपर्यंत त्या रायफलीतून एकही गोळी झाडू नका.

खरी गल्लत .३०८च्या लष्करी जुळ्या भावाला, ७.६२ नाटोला होते. अमेरिकी लष्कराच्या मापात किमान १.६३५५ आणि बाद करायची हद्द १.६४५५. त्यामुळे लष्करी मापाची कोरी रायफलही .३०८च्या नो-गोवर बंद होते, आणि घेणारा हवालदिल होतो. गेज मागवताना कोणत्या मापाचा ते आधी विचारा. पण बाजारातली .३०८ काडतुसं वापरणार असाल, तर लष्करी हद्द कितीही ढिली असली तरी मी १.६३८च्या पुढे जाणार नाही.

ली-एनफील्ड या जुन्या ब्रिटिश रायफलीचं .३०३ काडतूस वेगळंच. ते रिमवर, म्हणजे बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर, अडतं: गो ०.०६४ इंच, लष्करी वरची हद्द ०.०७४. नंबर ४ रायफलीला ० ते ३ क्रमांकांची बोल्टहेडं (बोल्टची पुढची सुटी टोकं) असतात, मोठ्या क्रमांकाचं लावून अंतर कमी करता येतं. पण या चेंबरमध्ये खांद्याकडची जागा मुळातच सैल असते. गेज पास झाला तरी पुंगळी ताणली जाते, आणि ते कोणताच गेज सांगत नाही. झाडलेल्या पुंगळीच्या बुडाच्या थोडं वर चकाकती कडी दिसते का पाहा. टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवा. खाच लागली तर ती पुंगळी टाकून द्या.

गेजऐवजी बिनदारूच्या डमी काडतुसाच्या बुडाला सेलोटेप चिकटवून बघण्याची युक्ती फुकटची, पण त्यात तुमच्या डमीचंही माप मिसळतं आणि टेप दबते. शंका यायला पुरे, निकाल द्यायला नाही. जिवंत काडतुसावर ती कधीच करू नका.

गेज कोणताही असो, रायफल रिकामी असल्याची खात्री करून चेंबर स्वच्छ पुसा, फायरिंग पिन आणि शक्य तिथे इजेक्टर, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून बाहेर फेकणारे भाग) काढा, आणि बोल्ट दोन बोटांनी फिरवा. अडला की थांबा. जोर लावलात तर तो बंद होईलही, पण ते माप खोटं.

भारतात मात्र शस्त्र अधिनियम १९५९ नुसार शस्त्राची दुरुस्ती आणि चाचणी परवान्याशिवाय करता येत नाही. तिथे गेज विकत न घेता परवानाधारक कारागीर गाठा, आणि त्याच्याकडचा गेज कोणत्या मापाचा ते आधी विचारा.