अकागेरा एका दिवसात उरकू नका

रवांडाला जाणारा माणूस गोरिलांसाठी जातो. गोरिला बघण्याच्या एका परवान्याला 1,500 डॉलर मोजलेले असतात, आणि पॅकेजात एखादा दिवस मोकळा राहिला की टूरवाला त्यात अकागेरा हा वन्यजीव पार्क बसवून देतो. पहाटे राजधानी किगालीतून निघायचं, दक्षिणेची झाडी फिरायची, तासभर बोटीत बसायचं आणि रात्री हॉटेलवर परत. असं फिरून आलेला माणूस "फार काही दिसलं नाही" म्हणतो, आणि तो खोटं बोलत नाही. बघण्यासारखी जनावरं जास्त करून उत्तरेच्या मोकळ्या माळावर असतात आणि त्या एका दिवसात गाडी तिथवर पोचत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून कुणी जाणार असेल तर पहिली सूचना हीच: आत दोन रात्री काढा, नाहीतर हा पार्क गाळून ते पैसे किगालीतच खर्च करा.

अकागेरा राष्ट्रीय उद्यान रवांडाच्या पूर्व टोकाला, टांझानियाच्या सीमेला लागून आहे. क्षेत्रफळ 1,122 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या यावल अभयारण्याच्या सहापटीहून थोडं जास्त. आकार मात्र दक्षिणोत्तर लांबट आहे आणि सगळं गणित त्यामुळेच बिघडतं. दक्षिणेला टेकड्या आणि काटेरी झाडी, इतकी दाट की दहा पावलांवरची रानम्हैस दिसत नाही. पूर्वेच्या कडेने तळ्यांची साखळी आणि पपायरस या उंच पाणगवताची दलदल. मध्ये मुतुंबाच्या टेकड्या, आणि शेवटी किलालाचं पठार. झेब्रा, टोपी हरणं, जिराफ, रानम्हशी लांबूनही दिसतात ते तिथे. थांबत थांबत गेलं तर दक्षिणेच्या फाटकापासून उत्तरेला पोचायला पाच-सहा तास लागतात. घाई करणारा ड्रायव्हर वेळ वाचवतो आणि जनावरं गमावतो.

हा पार्क एकदा जवळजवळ संपला होता, हे माहीत असलं की बघण्यात फरक पडतो. बेल्जियनांनी तो 1934 मध्ये घोषित केला तेव्हा तो सुमारे 2,500 चौरस किलोमीटरचा होता. 1994 च्या नरसंहारानंतर परतलेल्या निर्वासितांना गुरांसकट राहायला जागा हवी होती, म्हणून 1997 मध्ये निम्म्याहून जास्त जंगल त्यांना दिलं गेलं. सिंह गुरं मारायचे, गुराखी मेलेल्या जनावरात विष भरायचे. काही वर्षांतच एकही सिंह राहिला नाही. शेवटचा काळा गेंडा 2007 मध्ये दिसला. चाळीसगाव-कन्नडकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. गोठ्यातलं वासरू गेलं आणि पंचनाम्याला कुणी फिरकलं नाही की काय होतं, ते तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

2010 मध्ये रवांडा डेव्हलपमेंट बोर्ड आणि आफ्रिकन पार्क्स या संस्थेने कारभार मिळून हाती घेतला. त्यांच्या कामाचा क्रम बघण्यासारखा आहे. सिंह आधी आणले नाहीत. आधी पश्चिमेच्या हद्दीवर 120 किलोमीटर लांबीचं, सौरऊर्जेवर चालणारं विजेचं कुंपण घातलं. ते 2013 मध्ये पुरं झालं. त्यानंतर 2015 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून 7 सिंह आले आणि 2017 मध्ये आणखी 2 नर. त्याच वर्षी 18 काळे गेंडे आले, 2019 मध्ये युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांतून 5, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये 30 पांढरे गेंडे बोइंग 747 मधून. पर्यटनाच्या उत्पन्नातला 10 टक्के वाटा पार्कांच्या शेजारच्या गावांच्या कामांना जातो. जनावराने पीक किंवा गुरं खाल्ली तर भरपाई द्यायला वेगळा निधी आहे. कुंपणाला लागून पलीकडे केळीच्या बागा आणि घरं दिसतात. रावेर-यावलच्या माणसाला क्षणभर घरी आल्यासारखं वाटेल. फरक इतकाच की तिथली बरीचशी केळी शिजवून खायची असतात आणि काहींची दारू गाळतात.

आता जे मिळणार नाही ते. चित्ता नाही. विल्डबीस्टचे कळप नाहीत, नदी ओलांडणारे हजारोंचे लोंढे तर नाहीतच. त्यासाठी केनिया-टांझानिया. सिंह आहेत, पण दिसतीलच असं नाही. दोन दिवसांत दिसले नाहीत तरी गाईडला दोष देऊ नका. बिबट्या रात्रीचा. शूबिल हा मोठ्या चोचीचा पक्षी पपायरसच्या दलदलीत राहतो आणि क्वचितच दिसतो. पॅकेजच्या कागदावर "शूबिल दर्शन" असं लिहून देणाऱ्याच्या बाकीच्या ओळीही जरा तपासून घ्या. खात्रीने दिसतात ते पाणघोडे, मगरी, रानम्हशी, झेब्रे, जिराफ, इम्पाला, टोपी, बबून आणि पक्षी. पक्ष्यांच्या सुमारे 500 जाती इथे नोंदल्या गेल्या आहेत. पक्षी बघणाऱ्यांना दोन रात्रीही कमी पडतील.

आपल्याकडे ताडोबाला वाघ एका वळणावर दिसला की वीस जिप्सी तिथेच अडकतात. अकागेरात ती गर्दी नाही. उत्तरेला कधी तासभर दुसरी गाडी दिसत नाही, आणि केनियातल्या मसाई माराशी तुलना करताना आमचं मत इथेच अकागेराकडे झुकतं.

जायचं कसं? मुंबईहून अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे किगाली, मधे विमान बदलून. भुसावळ-जळगावहून मुंबईला रेल्वेने जाणार असाल तर विमानाच्या आदल्या दिवशीच पोचा. गाडी तीन तास लेट झाली म्हणून आंतरराष्ट्रीय विमान थांबत नाही. रवांडाचा व्हिसा किगालीला उतरल्यावर मिळतो: एकदा प्रवेशाचा, 30 दिवसांचा, 50 डॉलर. केनिया किंवा युगांडाही करायचा असेल तर 100 डॉलरचा पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा घ्या. तो तिन्ही देशांना चालतो आणि 90 दिवसांचा असतो. फाटक्या, लिहिलेल्या किंवा जुन्या मालिकेच्या डॉलरच्या नोटा तिकडे घेत नाहीत. इथे बदलून घेतानाच नोटा एकेक करून बघून घ्या.

किगालीहून काबारोंदोपर्यंत डांबरी रस्ता चांगला आहे. तिथे मुख्य रस्ता सोडला की सुमारे 28 किलोमीटरवर दक्षिणेचं कियोन्झा फाटक. एकूण अडीच तास धरा. डिझेलची टाकी कायोंझा किंवा काबारोंदोला फुल करा, आत पंप नाही. नोंदणी आणि पैसे दक्षिणेलाच होतात, बाहेर मात्र उत्तरेच्या फाटकातून पडता येतं. म्हणून योजना एकाच दिशेची ठेवा: दक्षिणेतून आत, उत्तरेतून बाहेर, तिथून रस्त्याने किगाली. आल्या वाटेने परतणारा माणूस तीच काटेरी झाडी दुसऱ्यांदा बघतो आणि अर्धा दिवस घालवतो.

परदेशी पाहुण्याला प्रवेशाचेच दिवसाला 100 डॉलर लागतात. गाडी, गाईड, बोट आणि रात्रीची फेरी याचे पैसे वेगळे. टूरवाल्याचा एकच आकडा ऐकून हो म्हणू नका. प्रवेश किती दिवसांचा, बोट आहे की नाही, गाडी आतही तीच राहणार का, हे तीन प्रश्न लेखी विचारा. सगळ्यात जास्त फसगत गाडीत होते. "फोर बाय फोर" म्हणून छोटी एसयूव्ही येते आणि तिचं छप्पर उघडत नाही. छप्पर वर उचलता येणारी लँड क्रूझर आणि माणशी एक खिडकी असं नाव घेऊन मागा. सहा जणांच्या कुटुंबाला एका गाडीत कोंबलं तर मधल्यांना फक्त पुढच्याची मान दिसते.

स्वतः गाडी चालवायची परवानगी आहे. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागतो, आणि तिथे वाहतूक उजवीकडून असते, हे विसरू नका. स्वतः चालवणार असाल तरी फाटकावरून स्थानिक गाईड घ्या. पार्कच्या आसपासच्या गावांतली शिकवलेली मुलं-मुली ते काम करतात. कुठल्या वाटेला जनावराचं ताजं शेण आहे आणि कुठे चिखल आहे, हे त्यांना कुठल्याही नकाशापेक्षा जास्त माहीत असतं. वाट सोडून गाडी घालायची नाही आणि जनावराजवळ उतरायचं नाही. गेंड्याचा फोटो टाकताना फोनमधलं लोकेशन बंद ठेवा, शिकारी तेच शोधत असतात.

इहेमा तळ्यावरची बोट घ्याच. किवूनंतर हे रवांडातलं सगळ्यात मोठं तळं आहे. पक्ष्यांसाठी सकाळची फेरी, उजेड आणि फोटोंसाठी संध्याकाळची. रात्रीची सफारी पार्कच्याच गाडीने होते. तिच्यात तरस आणि बुशबेबी (माकडाच्या कुळातला लहान निशाचर प्राणी) दिसण्याची शक्यता चांगली, बिबट्या नशिबाने.

राहायला दक्षिणेला टेकडीवर मोठा गेम लॉज आहे. खोल्या पक्क्या, पोहण्याचा तलाव आहे, लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर तोच बरा. खिडकी उघडी टाकली तर बबून आत येऊन फराळाचा डबा नेतात. इहेमाच्या काठावरचा रुझिझी तंबू-लॉज लहान आहे, पण आमच्या मते पैशाच्या मानाने सगळ्यात चांगला. रात्री पाणघोडे चरायला तंबूंमधून फिरतात. जेवणाहून तंबूकडे चौकीदाराशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही. उत्तरेला करेंगे कॅम्प आहे, आणि खिसा फारच जड असेल तर 'मगाशी' नावाचा महागडा कॅम्प. पहिली रात्र रुझिझी, दुसरी करेंगे, ही जोडी सगळ्यात जमते.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत जा. तेव्हा गवत कमी असतं आणि जनावरं पाण्याला येतात. मार्च ते मे मोठा पाऊस, उत्तरेच्या वाटा चिखलाने अडतात. हवेची भीती नको. पार्क समुद्रसपाटीपासून 1,300 मीटरच्या आसपास आहे, आणि भुसावळचा मे काढलेल्या माणसाला तिथली दुपार म्हणजे दिवाळीची हवा. पहाटे उघड्या छपरातून मात्र वारा बोचतो, जाड जाकीट घ्या. विषुववृत्त जवळ असल्याने सहाला उजाडतं आणि सहाला अंधार पडतो, वर्षभर. साडेपाचला उठायचं जिवावर येत असेल तर सकाळची चांगली वेळ हातची जाते.

कपड्यांत एक चूक जवळजवळ सगळे करतात: जीन्स. झाडीत त्सेत्से माशा असतात आणि गडद निळ्या व काळ्या रंगाकडे त्या धावतात. त्यांना पकडायला झाडांना टांगलेले सापळेही निळ्या-काळ्या कापडाचेच असतात. पातळ कापडातून त्या चावतात आणि डासांचं मलम त्यांना फारसं जुमानत नाही. खाकी किंवा फिकट रंगाची जाड विजार, लांब बाह्या, आणि झाडीतून जाताना काचा वर, एवढाच उपाय.

मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. डॉक्सिसायक्लिन एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर 4 आठवडे घ्यावी लागते आणि तिच्यामुळे उन्हाने कातडी लवकर भाजते. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल महाग पडते, पण परतल्यावर 7 दिवसांत संपते. लोक घरी आल्यावर गोळ्या सोडतात आणि मग ताप येतो.

खाण्याचं शाकाहारी माणसानेही मनावर घेऊ नये. राजमा, भात, चपाती, पालेभाजी, केळी सगळीकडे मिळतात. कसाव्याच्या पानांची इसोम्बे भाजी मात्र विचारून घ्या, तिच्यात कधी मासे असतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, खाकरे, शेव न्यायची असेल तर खुशाल न्या, पण घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा कापडी पिशवीत. रवांडात प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2008 पासून बंदी आहे आणि विमानतळावर त्या काढून घेतात. सामान बांधतानाच पिशव्या घरी ठेवा, नाहीतर किगालीच्या पट्ट्यावर शेव मोकळी होईल.

शेवटचं काम सगळ्यात आधी करायचं आहे. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच घ्या. गल्लीतल्या दवाखान्याचं प्रमाणपत्र चालत नाही. केंद्रांवर वेळ आधी घ्यावी लागते, म्हणून तिकीट काढलं की लगेच मुंबईच्या एका वेगळ्या फेरीचा हिशोब धरा. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा वय साठीच्या पुढे असेल तर लस घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. तिचं पिवळं कार्ड मोठ्या बॅगेत टाकू नका, पासपोर्टसोबत हातात ठेवा. परतताना मुंबईला ते मागतात, आणि ज्याच्याकडे नसेल त्याला 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं.