माक्याचं तेल: पानं मुरवून की रस आटवून?

परड्यात माका आपसूकच उगवतो, प्रश्न तेलाचा. आमच्या खानापूरकडच्या पावसात पानं वाळवून खोबरेल तेलात मुरवणं म्हणजे जुगारच. गेल्या आषाढात अख्खी बरणी बुरसली. उन्हाळ्यात मात्र हेच बिनकष्टाचं: कुरकुरीत वाळलेली पानं, तीन-चार आठवडे ऊन, मग गाळायचं.

मला तेलात रस आटवलेलंच आवडतं. वेळ खातं, बोटं काळी होतात (हा रस हवा लागली की काळा पडतो), पण मंद आचेवर तडतड थांबत येते तेव्हा घरभर वास सुटतो. आयुर्वेदातलं प्रमाण: कल्क (वाटलेल्या पानांचा गोळा) १, तेल ४, द्रव (इथे माक्याचा रस) १६. मग वात तेलात बुडवून पेटवायची. चटचटली तर पाणी शिल्लक आहे. तळाचा चोथा करपायच्या आत मात्र उतरवायचं.